एपीचा क्लास घेतला म्हणजे एपीची परीक्षा द्यायलाच हवी का?

ऑक्टोबर संपत आला की आमच्या सेंट्रल न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चालतो, कुणाची मुलगी यंदा किती एपी (हायस्कूलमध्ये द्यायच्या कॉलेजच्या तोडीच्या परीक्षा) देतेय, कुणाच्या मुलाने दहावीतच तीन दिल्या, आणि मग ग्रुपवर जी आई काहीच लिहीत नाही ती रात्री मला वेगळा फोन करून विचारते की अगं आमच्याला पाच एपी क्लास आहेत तर पाचही परीक्षा द्याव्या लागतील ना. मोठ्या लेकीच्या वेळी मीही हेच धरून चालले होते. तिने हायस्कूलमध्ये आठ एपी परीक्षा दिल्या, सगळ्या बऱ्या गेल्या, आणि कॉलेजात गेल्यावर त्यातल्या तीनच परीक्षांचा प्रत्यक्ष उपयोग झाला. बाकीच्या पाचांसाठी तिने मे महिन्यात ज्या रात्री जागून काढल्या त्या आठवल्या की मला अजून वाईट वाटतं. आता धाकटा अकरावीत आहे आणि या वेळी आम्ही दोघांनी बसून एकेका विषयाचा नीट विचार केला, तोच इथे लिहितेय, म्हणजे तुम्हाला तरी पहिल्या खेपेलाच कळेल.

आपला गोंधळ मुळात कुठून होतो ते आधी सांगते. आपण बारावी बोर्डाच्या पद्धतीत वाढलो. तिथे वर्षभर वर्गात काय केलं याला फारशी किंमत नव्हती, फेब्रुवारी-मार्चचा पेपर हाच निकाल, त्यामुळे विषय घेतला आणि पेपर दिला नाही असं कुणी म्हणालं तर वर्ष वाया गेलं असंच आपल्या कानाला ऐकू येतं. अमेरिकेत एपीचं तसं नाही. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्ये राहून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास, आणि कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५५ पासून हे चालवते. यात दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींपासून सुट्या आहेत. एक म्हणजे क्लास, तो शाळेत शिक्षक शिकवतात, त्याची ग्रेड तेच देतात, ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर जाते आणि वेटेड जीपीएमध्ये, म्हणजे अवघड विषयांना जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीत धरली जाते. दुसरी म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतली परीक्षा, ती कॉलेज बोर्ड घेतं, तिला १ ते ५ मधला एक आकडा मिळतो आणि तो जुलैमध्ये कळतो. क्लासची ग्रेड आणि परीक्षेचा आकडा यांचा एकमेकांशी संबंध नाही. क्लासला ए आणि परीक्षेला ३ हेही होतं, आणि उलटंही होतं. काही शाळा परीक्षा दिली तरच एपीचं जास्तीचं वेटेज देतात, तेव्हा आपल्या शाळेचा नियम काउन्सेलरला विचारून घ्या, तसा नियम असेल तर प्रश्नच मिटला. पण बहुतेक ठिकाणी क्लास पूर्ण करून परीक्षा न देण्याची मोकळीक असते, आणि परीक्षा दिली नाही म्हणून ट्रान्सक्रिप्टवरचं एपी हे नाव पुसलं जात नाही.

आणखी एक जुना गोंधळ. ज्यांची मोठी मुलं २०२० च्या आधी कॉलेजला गेली ते अजूनही सांगतात की एपी बायोलॉजी झालं की जूनमध्ये लगेच एसएटी सब्जेक्ट टेस्ट देऊन टाका, अभ्यास ताजा असतो. त्या काळी तो सल्ला अगदी बरोबर होता. एकेक तासाची परीक्षा, २०० ते ८०० मार्क, एका दिवशी तीनपर्यंत देता यायच्या, आणि वर्गात जे शिकलो त्यातल्या कुठल्या दोन विषयांच्या द्यायच्या हाच तेव्हाचा मोठा प्रश्न असायचा. माझ्या लेकीनेही मॅथ लेव्हल टू आणि केमिस्ट्री दिली होती. पण कॉलेज बोर्डाने १९ जानेवारी २०२१ ला या टेस्ट बंद केल्याचं जाहीर केलं, अमेरिकेत त्या दिवसापासूनच आणि बाहेरच्या देशांत त्या वर्षीच्या जूननंतर. १९३७ पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आलेली परीक्षा अशी संपली. तेव्हा कुणी अजून त्यांची पुस्तकं देत असेल तर अभ्यासाला घ्या, पण त्या परीक्षेसाठी म्हणून घेऊ नका. विषयवार स्वतःला दाखवायचं काम आता एपीच्या परीक्षेवरच येऊन पडलंय, म्हणून तर कुठली द्यायची याचा विचार पूर्वीपेक्षा जास्त करावा लागतो.

तर परीक्षेचे उपयोग मोजून तीन, आणि प्रत्येक विषय या तीन चाळण्यांतून काढायचा.

पहिला अ‍ॅडमिशनचा. इथे वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. कॉलेजचे अर्ज बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, म्हणजे अर्जात लिहायला हातात असतात ते अकरावीपर्यंतचेच आकडे. बारावीतल्या मेची परीक्षा अ‍ॅडमिशन झाल्यावर होते, तिचा आकडा जुलैत येतो, अ‍ॅडमिशनसाठी तिचा काहीही उपयोग नाही. बारावीत कुठले एपी क्लास घेतलेत हे कॉलेज बघतं, पण परीक्षेचा निकाल बघूच शकत नाही. आणि अकरावीपर्यंतचे आकडेही अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये आपण स्वतः भरायचे असतात, त्यातले कुठले भरायचे हे साधारणपणे आपल्या हातात असतं, ५ आणि ४ लिहिले आणि २ लिहिला नाही तर ते खोटं बोलणं होत नाही. याला अपवाद आहेत. येलने २०२४ मध्ये असा नियम केला की एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांच्या जागी एपीचे किंवा आयबीचे (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचे) आकडे देता येतील, पण तो मार्ग घेतलात तर तोवर दिलेल्या सगळ्या विषयांचे आकडे द्यावे लागतील, निवडून नाही. म्हणजे सहज म्हणून दिलेली एखादी परीक्षा तिथे मध्ये येऊ शकते. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या ठिकाणी अर्ज करायचा असेल तर मात्र गणित एकदम उलटं होतं, तिथे अमेरिकन शाळेतल्या मुलांकडून अनेक एपींत ५ मागतात आणि तेही घ्यायच्या कोर्सशी जुळणाऱ्या विषयांत, तिथे परीक्षा हाच पाया.

दुसरा उपयोग क्रेडिटचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. कॉलेज म्हणतं की तुला एपीला अमुक आकडा आहे ना, मग आमचा अमुक कोर्स तू केलास असं आम्ही धरतो. पण कुठलं कॉलेज कुठल्या आकड्याला काय देईल याला एक नियम नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) ३ पासून युनिट, म्हणजे क्रेडिट, देते. इलिनॉयमध्ये सरकारी कॉलेजांनी ३ आणि वरच्या आकड्याला क्रेडिट द्यायलाच हवं असा कायदा आहे. एमआयटी कॅल्क्युलस बीसीच्या ५ ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देतं, ४ ला नाही. डार्टमथने २०१४ साली आलेल्या बॅचपासून पदवीसाठी एपी क्रेडिट देणं थांबवलं, वरच्या कोर्सात बसवण्यापुरता आकडा बघतात. कॅलटेक क्रेडिट देत नाही. म्हणजे एकच ४, एका ठिकाणी अख्खा कोर्स वाचवतो आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता कागदावर राहतो. कॉलेज बोर्डाच्या साइटवर क्रेडिट पॉलिसी सर्च म्हणून सोय आहे, तिथे कॉलेजचं नाव टाकलं की विषयवार यादी येते, पण तेवढ्यावर थांबू नका, कॉलेजच्या स्वतःच्या साइटवर, आणि त्यातही ज्या डिपार्टमेंटमध्ये मूल जाणार त्याच्या पानावर जाऊन बघा. माझी चूक इथेच झाली. लेकीच्या कॉलेजच्या मुख्य यादीत एन्व्हायर्नमेंटल सायन्सला क्रेडिट लिहिलेलं होतं, मिळालंही, पण ते नुसतं इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत जमा झालं, तिच्या मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी जे सायन्स कोर्स लागत होते त्यातला एकही कमी झाला नाही आणि इलेक्टिव्ह तिला तसेही जास्तच होत होते. क्रेडिट मिळतं का एवढंच विचारू नका, ते कुठल्या रकान्यात पडतं ते विचारा.

आणि पैसे वाचतात का? खूप कॉलेजांत फुल टाइम विद्यार्थ्याची ट्यूशन सेमिस्टरला ठरलेली असते, साधारण १२ ते १८ क्रेडिटमध्ये कितीही घेतले तरी तेवढीच. म्हणजे एक-दोन कोर्स कमी झाल्याने बिल कमी होत नाही. अख्खं सेमिस्टर आधी डिग्री संपवली तर होतं, आणि त्यासाठी बरेच क्रेडिट नेमक्या हव्या त्या रकान्यात पडायला लागतात. मग एखाद-दुसऱ्या क्रेडिटचा फायदा काय, तर मोकळीक मिळते. डबल मेजर जमतं, एखाद्या सेमिस्टरला हलका लोड घेता येतो, परदेशी एक सेमिस्टर जाऊन येता येतं, आणि बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांत जास्त क्रेडिट असलेल्यांना कोर्स निवडायला आधी मिळतं. हे फायदे छोटे नाहीत, लेकीने दुसरा मायनर (दुय्यम विषय) त्याच जोरावर केला.

तिसरा उपयोग प्लेसमेंटचा, म्हणजे क्रेडिट मिळो न मिळो, पहिला कोर्स सोडून थेट दुसऱ्यात बसता येणं. इथे आई-बाप म्हणून आपण जरा थांबायला हवं. कॅल्क्युलस एक आणि दोन सोडून मूल पहिल्याच सेमिस्टरला त्यापुढच्या मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसमध्ये बसतं, घरापासून लांब, नवीन जागा, आणि वर्गात बाकीची मुलं एक वर्ष मोठी. ज्याचा पाया पक्का आहे त्याला हे आवडतं. ज्याने फॉर्म्युले पाठ करून ५ काढलेत त्याला जड जातं. आणि मेडिकलला जायचं असेल तर आणखी विचार करा, अनेक मेडिकल स्कूल बायोलॉजी-केमिस्ट्रीसारख्या लागणाऱ्या कोर्सांच्या जागी एपी क्रेडिट धरत नाहीत किंवा त्यावर वरचे कोर्स करून दाखवायला सांगतात, त्यामुळे तिथे एपी बायोचा ५ अर्जात छान दिसतो पण कॉलेजातला बायोलॉजीचा वर्ग चुकवतोच असं नाही.

आता थोडं विषयांबद्दल, कारण कुठल्या परीक्षा एकमेकींना झाकतात हे कुणी सांगत नाही.

कॅल्क्युलसच्या दोन आहेत, एबी आणि बीसी. बीसीत एबीचा सगळा भाग येतो आणि बीसीच्या निकालात एबीचा वेगळा सबस्कोरही मिळतो, म्हणजे मुलाचा क्लास बीसीचा असेल तर एबी वेगळी द्यायचा विचारही नको. बीसीला अलीकडे ४० टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळतात आणि ते बघून लोक म्हणतात की ही सोपी आहे. सोपी नाही, ती देणारी मुलंच गणितातली तयारीची असतात. तसंच चायनीजचं, तिथे ५ खूप दिसतात कारण देणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी ती भाषा बोलली जाते. त्यामुळे किती टक्के मुलांना ५ मिळाले यावरून परीक्षा निवडू नका.

फिजिक्समध्ये चार परीक्षा. फिजिक्स वन आणि टू बीजगणितावर चालतात, फिजिक्स सीच्या दोन, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम, कॅल्क्युलसवर. इंजिनीअरिंगच्या मुलांना कॉलेजात कॅल्क्युलसवालं फिजिक्स लागतं, म्हणून फिजिक्स वनचा ५ बहुतेक इंजिनीअरिंग डिपार्टमेंटमध्ये त्या कोर्सच्या जागी चालत नाही. आणि सीच्या दोन परीक्षा म्हणजे खरोखर दोन, फी दोनदा. पूर्वी त्या दीड-दीड तासाच्या होत्या आणि एकाच दुपारी उरकायच्या, २०२५ पासून प्रत्येक ३ तासांची झाली, त्यामुळे मोठ्या भावंडाच्या अनुभवावर जाऊ नका.

इंग्लिशच्या दोन, लँग्वेज आणि लिटरेचर. खूप कॉलेजं दोन्ही मिळून पहिल्या वर्षाच्या रायटिंगच्या एकाच कोर्सचं क्रेडिट देतात. अकरावीत लँग्वेजला ४ किंवा ५ आला असेल तर बारावीत लिटरेचरची परीक्षा द्यायच्या आधी ते तपासा. क्लास जरूर घ्या, वाचन होतं, मी फक्त परीक्षेचं म्हणतेय.

आणि आपल्याकडे कायम दुर्लक्ष होतं ते इतिहास आणि गव्हर्नमेंटकडे. इंजिनीअर होणाऱ्या मुलाला यूएस हिस्ट्रीची परीक्षा कशाला, असं मलाही वाटायचं. पण इंजिनीअरिंगच्या डिग्रीतही ह्युमॅनिटीजचे, सोशल सायन्सचे काही कोर्स करावेच लागतात, आणि तिथे एपी हिस्ट्रीचं क्रेडिट चपखल बसतं. टेक्सासमध्ये तर सरकारी कॉलेजच्या पदवीसाठी अमेरिकन इतिहासाचे ६ क्रेडिट कायद्यानेच लागतात. परीक्षा मात्र कष्टाची आहे, सव्वातीन तासांची, ५५ ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, ३ छोटी उत्तरं, सात कागदपत्रं वाचून त्यावर एक निबंध आणि वर आणखी एक मोठा निबंध.

मराठीची एपी परीक्षा नाही, हिंदीचीही नाही. पण ज्या मुलांनी मंडळाच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं रविवार घातलेत त्यांच्यासाठी सील ऑफ बायलिटरसी आहे, कॅलिफोर्नियात २०११ च्या कायद्याने सुरू झालं आणि आता बहुतेक राज्यांत आहे, हायस्कूल डिप्लोमावर दोन भाषा येत असल्याची मोहर मिळते आणि मराठीसाठीही मान्य परीक्षा आहे. शाळेत वर्ल्ड लँग्वेज डिपार्टमेंटला विचारा, कित्येकदा त्यांनाच मराठीचं माहीत नसतं, आपण सांगितलं की करतात. यासाठी मी स्वतः पुन्हा पुन्हा मेल केले आणि ते सगळ्यात सार्थकी लागलेले मेल आहेत.

परीक्षा चांगली जाईल की नाही हे आधी कसं ओळखायचं? वर्गातल्या ग्रेडवरून नाही, कारण ग्रेडमध्ये होमवर्क, प्रोजेक्ट सगळं मिसळलेलं असतं. कॉलेज बोर्ड दर वर्षी झालेल्या परीक्षेतले लिहायचे प्रश्न आणि ते कसे तपासतात त्याच्या सूचना साइटवर टाकतं, फुकट. मार्चमध्ये एक शनिवार सकाळ ठेवा, घड्याळ लावून मागच्या वर्षीचे प्रश्न सोडवू द्या आणि मग त्याच सूचना घेऊन मुलालाच स्वतःचा पेपर तपासायला सांगा. कुठे मार्क जातात ते त्याला आपण सांगण्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. आणि घाबरू नका, ५ साठी ९० टक्के लागत नाहीत, जुन्या जाहीर झालेल्या पेपरांवरून बघितलं तर कॅल्क्युलस, फिजिक्ससारख्या विषयांत ६५-७० टक्क्यांच्या आसपासही ५ बसायचा. चुकीच्या उत्तराला मार्क कापणं २०११ पासून बंद आहे, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. २०२५ पासून बहुतेक परीक्षा कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर होतात, इतिहास-इंग्लिशचे निबंध टाइप करायचे, गणित-सायन्सची लिहायची उत्तरं मात्र अजून हातानेच कागदावर, म्हणून सरावही तसाच करा.

आता तारखा आणि पैसे. एका परीक्षेची फी अमेरिकेत साधारण १०० डॉलर. नाव नोंदवायची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर, काही शाळा ती आधीच बंद करतात. त्यानंतर नोंदवलं तर ४० डॉलर जास्त, आणि नोंदवून मग रद्द केलं किंवा गेलोच नाही तरी ४० डॉलर जातात. म्हणजे निर्णय नोव्हेंबरमध्ये करायचा, वर्ष अर्धंही झालेलं नसताना. माझं स्पष्ट मत असं की ज्या विषयाबद्दल मन दोलायमान आहे त्याचं नाव नोव्हेंबरमध्ये नोंदवून ठेवावं आणि मार्चच्या त्या शनिवारनंतर ठरवावं, ४० डॉलर गेले तर गेले. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांना फीमध्ये सवलत असते, काही राज्यं आणि शाळा तर पूर्ण फी भरतात, काउन्सेलरला विचारायला अजिबात संकोच करू नका. वेळापत्रक पण आधी बघा, दोन परीक्षा एकाच वेळी आल्या तर एक नंतरच्या लेट टेस्टिंगमध्ये देता येते, पण तीन दिवसांत तीन आल्या तर तसं काही मिळत नाही, तिथे आपणच एक कमी करायची.

परीक्षा वाईट गेली तरी दोर कापले जात नाहीत. अधिकृत रिपोर्टमध्ये सगळे आकडे एकत्र जातात, पण एखादा आकडा एखाद्या कॉलेजला जाऊ नये म्हणून रोखून धरता येतो, किंवा कायमचा रद्द करता येतो. निकालाआधीच करायचं असेल तर त्या वर्षासाठी १५ जूनपर्यंत कळवावं लागतं. दर वर्षी एका कॉलेजला आकडे फुकट पाठवता येतात, त्याची मुदत २० जून. अकरावीतल्या मुलांनी घाईने ते वापरू नये असं मला वाटतं, कारण निकाल न बघता पाठवले जातात. बारावीच्या मुलांनी जरूर वापरावं.

आमच्या धाकट्याला यंदा चार एपी आहेत, कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स वन, इंग्लिश लँग्वेज आणि यूएस हिस्ट्री, आणि त्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचंय. त्याच्या मनातल्या सहा कॉलेजांची यादी काढून आम्ही जेवणाच्या टेबलावर चार रकाने आखले. बीसी सहापैकी पाच ठिकाणी थेट कोर्सच्या जागी चालते, ती नक्की. इंग्लिश रायटिंगच्या जागी, तीही नक्की. फिजिक्स वन एकाही इंजिनीअरिंग डिपार्टमेंटला चालत नाही आणि पुढच्या वर्षी तो फिजिक्स सी घेणारच आहे, म्हणून ती सोडली, क्लास मात्र मनापासून करतोय. हिस्ट्री चार ठिकाणी ह्युमॅनिटीजच्या रकान्यात पडते, पण निबंध त्याला जड जातात, म्हणून नाव नोंदवलंय आणि मार्चमध्ये बघू असं ठरलंय. मी फिजिक्स सोडायला कचरत होते, ग्रुपवर सगळे देतायत म्हणून. रकाने बघून तोच म्हणाला, आई, मग तो आठवडा मी हिस्ट्रीला देतो.

पुढच्या वर्षी तो बारावीत असेल तेव्हा परत बसू. बहुतेक कॉलेजांना होकार कळवायची तारीख १ मे आणि एपीच्या परीक्षा लगेच त्यानंतर, म्हणजे तोवर सहा नाही, एकच कॉलेज समोर असेल, एकच डिपार्टमेंट, एकच यादी. त्या यादीत जे नसेल त्या परीक्षेला तो जाणार नाही, ४० डॉलर मी भरेन.